आपत्ती व्यवस्थापनात करिअर करू की तलाठी भरतीचा क्लास लावू? शिरोळ तालुक्यातल्या विद्यार्थिनीला उत्तर

तुझं पत्र मिळालं. नाव देऊ नका म्हणालीस म्हणून देत नाही, पण बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तू बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, गाव शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावर. २०१९ च्या महापुरात तुम्ही सगळे शाळेतल्या निवारा केंद्रात होता आणि २०२१ ला परत तेच. आजी तिथे दिवसभर पाणीच प्यायची नाही, कारण संडासला ही रांग आणि दाराला आतून कडी नाही. तिच्या बीपीच्या गोळ्या घरी फळीवर राहिल्या. पाणी उतरल्यावर घरी आलात आणि ती जी आजारी पडली ती उठलीच नाही. "पुरात गेलेल्यांच्या यादीत आजीचं नाव नाही," असं तू लिहिलंयस. आता तुला याच विषयात काहीतरी करायचंय, आणि बाबा म्हणतात पूर चार दिवसांचा, त्यात कसलं आलंय करिअर, गपगुमान तलाठी भरतीचा क्लास लाव.

आधी त्या यादीबद्दल बोलू, कारण तुझा सगळा विषय त्या एका वाक्यात आहे. बुडून, भिंत पडून, शॉक लागून जे जातात ते यादीत येतात. पण गोळ्या चुकल्या म्हणून, डायलिसिस राहिलं म्हणून, इन्सुलिन ठेवायला फ्रीज नव्हता म्हणून, छावणीत जुलाब लागले म्हणून जे जातात ते कुठेच मोजले जात नाहीत, घरातले म्हणतात वय झालं होतं आणि विषय संपतो. ही मोजणी करणं, आणि पुढच्या वेळी हे मृत्यू होऊच नयेत म्हणून आधीच काय करायचं ते शोधणं, हे एक पूर्ण शास्त्र आहे. त्यात पगार देणाऱ्या नोकऱ्या आहेत आणि आपल्याकडे त्यात माणसं खूप कमी आहेत.

पाणी सगळ्यांच्या घरात शिरतं हे खरं, पण त्याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही आणि कोणाला जास्त बसणार हे बऱ्याच वेळा आधीच सांगता येतं. १९९५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत शिकागोला उष्णतेची लाट आली, जेमतेम आठवड्याभरात सातशेच्या वर माणसं गेली. नंतर तपास केला तेव्हा दिसलं की जी अंथरुणाला खिळलेली होती, एकटी राहत होती, घराबाहेर पडत नव्हती, ज्यांच्याकडे एसी नव्हता, तीच जास्त गेली. २००५ च्या कॅटरिना वादळात लुइझियानात जे मेले त्यातले जवळपास निम्मे ७५ च्या पुढच्या वयाचे होते. एवढा श्रीमंत देश आणि तिथे हे.

आपल्याकडचं बघ. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्यानंतर ऑगस्टमध्ये लेप्टोची साथ आली ते किती जणांना आठवतं? लेप्टो म्हणजे उंदराच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात जाणारा जंतू, पायाला चीर असली, जखम असली की तिथून आत शिरतो आणि साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी ताप येतो, म्हणजे पाहुणे, नेते, कॅमेरे सगळे गेल्यावर. चिखलात अनवाणी कोण उतरतं? सफाई कामगार, गोठा साफ करणारी बाई, शेतमजूर. ज्याच्याकडे गमबूट आहेत आणि डॉक्सिसायक्लिनची गोळी ज्याला वेळेत मिळाली तो वाचायची शक्यता जास्त. जंतू तोच, चिखल तोच, फरक फक्त कोणाला कामासाठी त्यात उतरावं लागलं आणि कोणाला नाही याचा. तुझं झूलॉजी इथे कामाला येतं बरं का, प्राण्यांमधून माणसात येणारे आजार तू वर्गात शिकलीच आहेस.

आता संडासाच्या कडीबद्दल. तू ते लाजत लाजत लिहिलंयस असं वाटलं, लाजायचं काहीच कारण नाही. मदतकार्यासाठी जगभर 'स्फिअर' नावाची किमान मानकं वापरतात, त्यात छावणीत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, झोपायला-बसायला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, २० माणसांमागे एक संडास आणि पुरुषांच्या एका संडासामागे बायकांचे तीन असं प्रमाण दिलंय, आणि आतून कडी हवी, उजेड हवा हेसुद्धा त्यात येतं. कारण उघड आहे. कडी नसली की बाई पाणी पीत नाही, पाणी कमी पडलं की लघवीचा संसर्ग होतो, म्हाताऱ्या माणसाच्या किडनीवर ताण येतो, त्यात बीपीची गोळी बंद. आपल्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही कलम १२ मध्ये छावणीत निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचे किमान निकष ठरवा असं सांगितलंय आणि विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करा असंही लिहिलंय. कायद्यात आहे म्हणजे गावात आहे असं नसतं, तिथेच माणूस लागतो.

आणि बाबांना हे मुद्दाम सांग, हे काम पुराच्या चार दिवसांचं नाहीये. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. त्या चार फुटांत गावातल्या कोणत्या घरातून कोणाला आधी काढायचं हे ज्याला माहीत आहे तो माणसं वाचवतो, आणि ते माहीत असायला मार्च-एप्रिलपासून काम करावं लागतं. अहमदाबादला मे २०१० च्या उन्हाळ्यात खूप माणसं गेली, त्यानंतर २०१३ ला त्यांनी हीट अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे उष्णतेच्या लाटेत कोणी काय करायचं याचा आराखडा केला, नंतर नागपूरनंही केला. असे प्लॅन लिहिणारी, आकडे तपासणारी, वॉर्डात फिरणारी माणसं बारा महिने लागतात.

आता शिक्षण. माझं स्पष्ट मत आहे की तू नुसता आपत्ती व्यवस्थापनाचा सहा महिन्यांचा नाहीतर वर्षाचा डिप्लोमा करू नकोस. असे कोर्स गल्लोगल्ली निघालेत, सर्टिफिकेट मिळतं, पण मुलाखतीत विचारलं की या छावणीत जुलाबाचे पेशंट वाढतायत की नाही ते कसं ओळखशील, तर पोरं गप्प बसतात. तुझा पाया सार्वजनिक आरोग्याचा असू दे, म्हणजे एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ). त्यात साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्य यंत्रणा कशी चालते ते सगळं येतं. आपत्ती हा त्यातला तुझा खास विषय ठेव. मुंबईत टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सोशल एपिडेमिऑलॉजीचं एमपीएच आहे, म्हणजे आजार कोणत्या समाजात का जास्त होतो याचाच अभ्यास, तू जे पत्रात लिहिलंयस अगदी तेच. पुणे विद्यापीठातही एमपीएच आहे. डॉक्टर नसलं तरी चालतं अशा जागा शोध, काही संस्थांत फक्त वैद्यकीय पदवी मागतात तिथे फॉर्मचे पैसे घालवू नकोस. टिसमध्येच जमशेटजी टाटा स्कूल ऑफ डिझास्टर स्टडीज आहे, तिथलं आपत्ती व्यवस्थापनाचं एमए-एमएस्सी खरंच भक्कम आहे, ते तुझा दुसरा पर्याय. आणि गणित आवडत असेल (पत्रात त्याबद्दल काहीच नाही, कळव) तर मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याचं संख्याशास्त्र) आणि लोकसंख्याशास्त्राची एमएस्सी बघ, आकडे येणाऱ्या माणसाला या क्षेत्रात कायम मागणी असते.

नोकरीचं खरं चित्रही सांगते, कारण बाबांची काळजी खोटी नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी हे पद जिल्ह्याला एक, आणि बऱ्याच जागा कंत्राटी. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्ह्याच्या ठिकाणी साथरोग, डेटा, कार्यक्रम व्यवस्थापन अशी पदं निघतात, तीही ११ महिन्यांच्या ऑर्डरवर, दरवर्षी रिन्यूअलची टांगती तलवार. डॉक्टर्स फॉर यू, सीड्स, गूंज यांच्यासारख्या संस्था, युनिसेफचे प्रोजेक्ट, महापालिकांचे क्लायमेट सेल, संशोधन संस्था हे दुसरं मोठं क्षेत्र, तिथे सुरुवातीचा पगार बेताचा असतो, तीन-चार वर्षांनी अनुभव आणि डेटाचं काम दोन्ही असेल तर बरा होतो. पेन्शन, घराजवळची बदली हे डोक्यात असेल तर हे क्षेत्र त्रास देईल, तेवढं आधीच मान्य करून ये.

तलाठीबद्दल माझं बाबांशी भांडण नाही. उलट पंचनामा तलाठीच करतो. भाड्याने राहणारं कुटुंब, एका रेशनकार्डावर असलेल्या पण वेगळी चूल असलेल्या दोन सुना, ज्याच्या नावावर ना घर ना जमीन असा मजूर, ही माणसं मदतीतून सुटतात ती तिथेच सुटतात. तुझी नजर असलेला तलाठी गावाला मिळाला तर गावाचं भाग्य. पण दोन्हीची तयारी एकाच वर्षी अर्धी अर्धी करू नकोस, दोन्हीकडे चार मार्कांनी हुकशील. हे वर्ष एमपीएचच्या प्रवेशाला दे, तलाठीची परीक्षा वयाच्या मर्यादेत असेपर्यंत पुढेही देता येते. बाबांकडून एवढं एक वर्ष माग.

आता मला तुझ्याकडून हवंय ते काम. सुट्टीत गावात राहशील तेव्हा आशाताईंकडे जाऊन बस. गरोदर बायकांची नोंद त्यांच्याकडे असते, सहा वर्षांखालची मुलं अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये, बीपी-शुगरवाले उपकेंद्रात, दिव्यांगांची नोंद ग्रामपंचायतीत. सगळं आहे, पण बहुतेक गावांत चार कपाटांत चार वह्या असतात आणि पुराच्या रात्री त्या एकमेकींना भेटत नाहीत. सरपंच आणि ग्रामसेवकांची परवानगी घेऊन नदीकडच्या गल्लीपासून सुरू कर. घरात कोण आहे, स्वतःच्या पायानं बोटीत चढू शकेल का, रोजची गोळी कोणती, घर मातीचं की स्लॅबचं, आणि जनावरं किती. जनावरांचं विसरू नकोस, तुला माहितीच आहे आपल्याकडे म्हशी सोडून माणूस हलत नाही आणि शेवटी गोठ्यापाशी म्हातारा-म्हातारीच मागे राहतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं सामाजिक असुरक्षिततेचा एक निर्देशांक केलाय, गरिबी, वय, अपंगत्व, घराचा प्रकार वगैरे १६ गोष्टींचा, त्यात घरात गाडी आहे का हे विचारलंय. म्हशीचा प्रश्न त्यात नाही, तो तूच घालू शकतेस, कारण पूरपट्ट्यात राहिलेल्या माणसालाच तो सुचतो. ही तुझी जमेची बाजू आहे, मुलाखतीत इंग्रजी अडखळलं तरी ही बाजू मांड.

एक कडक नियम मात्र पाळ. कोणाला टीबी आहे, कोणाला एचआयव्ही आहे, कोणाची मानसिक आजाराची गोळी चालू आहे, हे तुझ्या वहीत आलं तर ते गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मैत्रिणीला, अगदी आईलासुद्धा जाऊ द्यायचं नाही. "रोजची गोळी चुकता कामा नये" एवढंच लिही, आजाराचं नाव उपकेंद्रातच राहू दे. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं बाहेर गेलं तर पुढच्या पुरात कोणी दार उघडणार नाही.

पाणी शुद्धीकरणाचंही बघून घे. टीसीएल पावडर (पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर) कुठे ठेवलीय, किती जुनी आहे, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्ट कोण करतं, पाण्याला पिवळा रंग येतो की नाही. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी तासाभरात शिकवेल. पावडर ओलसर होऊन क्लोरीन उडालेली असेल तर ती पोतंभर टाकूनही उपयोग नाही, आणि हे पुराआधी कळलेलं बरं.

वहीतल्या नोंदी झाल्या की कॉम्प्युटरवर एक्सेल पक्कं कर, मग क्यूजीआयएस हे नकाशाचं मोफत सॉफ्टवेअर शिक आणि गल्लीचा नकाशा त्यावर चढव. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा ऑनलाईन बेसिक कोर्स आहे, तोही कर.

आजीबद्दल एक. हा विषय शिकताना तिची आठवण वारंवार येईल, कधी वर्गातच रडू येईल. तसं झालं तर बाजूला बस, कोणाशी तरी बोल, आणि सरकारच्या टेलिमानस हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करायलाही संकोच करू नकोस. छावणीत काम करणाऱ्यांनाही याची गरज पडते.

टिसचा प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो, त्याचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, कोणता पेपर निवडायचा ते संस्थेच्या साईटवर बघून मगच भर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर हे सगळं आत्ताच काढायला टाक. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना पोरं नेमकी तिथेच अडकतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडच्या सेतू केंद्रात जाणंच मुश्किल होतं.