सहा माणसांचं ऑफिस, १८ हजार पगार: लेकीला जाऊ द्यावं का?

पत्र: माझी मुलगी यंदा पुण्यातून बी. आर्क. झाली. तिच्यापुढं दोन नोकऱ्या आहेत. एक एरंडवण्यातलं छोटं ऑफिस, सर धरून सहा माणसं, पगार १८ हजार. शेवटच्या वर्षाआधीचं ट्रेनिंगही तिनं तिथंच केलं. दुसरी मोठी कंपनी, परदेशातल्या इमारतींची ड्रॉइंग करून देते, पगार ३० हजार, शिवाय पीएफ. मुलगी छोट्या ऑफिसवर अडून बसली आहे. मी जाऊन पाहिलं तर जुन्या सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट! पाच वर्षं फी भरली ती यासाठीच का? – एक पालक, बार्शी

उत्तर:

नमस्कार,

फ्लॅट पाहून तुमचं मन खट्टू झालं, हे समजू शकते. पण आपल्याकडं आर्किटेक्टची बहुतेक ऑफिसं अशीच असतात. हॉलमध्ये चार-पाच कॉम्प्युटर, भिंतीला टेकवून ठेवलेली टाइल्सची सॅम्पल्स, बेडरूममध्ये सरांची केबिन. नावाजलेल्या आर्किटेक्टची कामंही अशा जागांमधून झालेली आहेत. तेव्हा जागेवरून काही ठरवू नका. आत बसलेला माणूस शिकवणारा आहे का, एवढं पाहा. तसा असेल, तर पहिली दोन-तीन वर्षं छोट्या ऑफिसात काढावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सहा माणसांच्या ऑफिसात वेगवेगळे विभाग नसतात, त्यामुळं सगळं काम सगळ्यांच्या हाताखालून जातं. सकाळी कुणाच्या तरी बंगल्याचं वर्किंग ड्रॉइंग, दुपारी क्लायंटबरोबर टाइल्सचं दुकान, संध्याकाळी आरसीसी कन्सल्टंटचा (कॉलम-बीमचं गणित करणाऱ्या इंजिनिअरचा) फोन: तुमचा कॉलम दारात येतोय. मग परवानगीचं काम. मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, किती सोडायचं, एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधकाम करता येतं ते, कसा मोजायचा, जिना त्यात धरायचा की नाही, हे कॉलेजात एका पेपरापुरतं येतं. ऑफिसात ते प्लॅन महापालिकेतून परत आला की कळतं. जोत्याच्या दाखल्यापासून (पाया जमिनीवर आल्यावर मिळतो तो) भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत (राहायला जायची परवानगी) एक इमारत सलग पाहायला मिळणं, ही या धंद्यातली खरी शिदोरी आहे.

एक जिन्याचंच उदाहरण घ्या. मजल्याची उंची ३ मीटर, म्हणजे १५० मिलिमीटरच्या २० पायऱ्या. कॉम्प्युटरवर हे दोन मिनिटांत काढून होतं आणि दिसतंही बरोबर. आता साइटवर चला. खोलीतली फरशी तिच्या खालच्या मालासकट ७५ मिलिमीटर चढते, पायरीवरचा ग्रॅनाइट मात्र ४०च. सेंट्रिंगवाल्यानं, म्हणजे काँक्रीटचे साचे ठोकणाऱ्यानं, काँक्रीटच्या सगळ्या पायऱ्या सारख्या १५०च्या ठोकल्या, तर फिनिशिंग झाल्यावर खालची पहिली पायरी ११५ची राहते आणि वरची शेवटची १८५ची होते. घरातली म्हातारी माणसं त्या शेवटच्या पायरीला रोज अडखळणार. म्हणून काँक्रीट ओततानाच पहिली पायरी १८५ची आणि शेवटची ११५ची ठेवावी लागते. छोट्या ऑफिसात हे असं समजतं: सर प्रिंट काढतात, लाल पेनानं त्या दोन पायऱ्यांभोवती गोल करतात आणि म्हणतात, "जा, साइटवर जाऊन टेप लावून ये." ज्या मुलीनं स्लॅबच्या आदल्या दिवशी ती टेप स्वतः लावली, ती जिना काढताना पुन्हा चुकत नाही.

मोठ्या कंपनीला मी नावं ठेवणार नाही. तिथं रेव्हिट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसेल, कामाला शिस्त असेल, पगार तारखेला होईल. पण तिथं काढलेली इमारत तिला बहुधा कधी पाहायला मिळणार नाही आणि तिच्या ड्रॉइंगवर शंका विचारायला कुणी गवंडी येणार नाही. सॉफ्टवेअर पुढंही शिकता येतं. साइटची सवय मात्र वयाच्या तिशीत, बऱ्या पगाराची चटक लागल्यावर, फार थोडे लावून घेतात. मात्र शैक्षणिक कर्ज काढलं असेल आणि हप्ता तिच्याच पगारातून जायचा असेल, तर ३० हजारांची नोकरी घ्यावी. त्यात काही कमीपणा नाही.

आता छोट्या ऑफिसची दुसरी बाजू. पगार मागं-पुढं होतो, आणि त्याला कारण आहे. आर्किटेक्टची फी टप्प्याटप्प्यानं येते: कन्सेप्टला काही, परवानगीला काही, बांधकाम चढेल तसं काही. बिल्डरचं काम अडलं की फी अडते, आणि त्याची झळ ज्युनियरपर्यंत पोचते. सबमिशनच्या आठवड्यात रात्रीचे दहा वाजतात. सगळं एका माणसाच्या स्वभावावर चालतं. सर चिडके असतील तर तक्रार घेऊन जायला एचआर नसतो.

कायद्याचं संरक्षणही तोकडं असतं, हे मुलींच्या पालकांना सहसा कुणी सांगत नाही. पीएफ २० माणसांपासून बंधनकारक. ग्रॅच्युइटी, प्रसूती रजेचा कायदा आणि लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीची अंतर्गत समिती, हे सगळं १० माणसांपासून. सहा माणसांचं ऑफिस यातल्या कशातच बसत नाही. छळाची तक्रार आलीच, तर त्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते आणि छोट्या ऑफिसातली मुलगी थेट तिच्याकडं जाऊ शकते. हे तिला आजच सांगून ठेवा, वेळ येण्याची वाट पाहू नका. आरोग्य विमा पहिल्या महिन्यात काढा. पीपीएफ खातं उघडून त्यात महिन्याला थोडे का होईना पैसे टाकायला लावा.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: ट्रेनिंग तिनं तिथंच केलं. म्हणजे सरांचा स्वभाव, रात्रीची जागरणं, पगाराची तारीख हे सगळं ती आतून पाहून आली आहे, आणि तरी तिला तिथंच परत जायचंय. तिच्या बोलण्याला मी हट्ट म्हणणार नाही. तिनं तिथं काय पाहिलं, हे एकदा तिला शांतपणे विचारा, आणि मध्ये न बोलता ऐका. मी या मुलांना नेहमी तीनच गोष्टी विचारते. ज्युनियरना साइटवर नेतात का? काढलेलं ड्रॉइंग सर समोर बसवून तपासतात का? आधीचे ज्युनियर किती दिवस टिकले आणि पुढं कुठं गेले? सहा-सहा महिन्यांत माणसं पळत असतील, तर शिकवणं कितीही चांगलं असो, जाऊ देऊ नका.

पैशांचं बोलायला तिला संकोच वाटत असेल. पण १८ हजारांत पुण्यात खोलीभाडं, मेस आणि पेट्रोल भागवणं ओढाताणीचं आहे. ट्रेनिंग झालेली मुलगी पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते, हे सरांनाही ठाऊक आहे. तिनं २२ मागावेत. ते नाही म्हणाले, तर सहा महिन्यांनी पगार वाढवण्याचं नेमणूकपत्रात लिहून घ्यावं, आणि साइटवर जायचा पेट्रोल खर्च वेगळा. जो माणूस एवढं कागदावर द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडं पुढं पगार मागतानाही तेच होतं. दोन वर्षं तुम्हाला घरून थोडा हातभार लावणं जमणार असेल, तर तिला तसं आधीच सांगा. तिचं निम्मं ओझं तिथंच उतरेल.

आणि नोकरी कुठलीही घेतली, तरी वास्तुकला परिषदेकडं नोंदणीचा अर्ज या महिन्यातच करायला सांगा. १९७२च्या कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय नावापुढं आर्किटेक्ट लावता येत नाही. उद्या बार्शीत किंवा सोलापुरात स्वतःचं ऑफिस काढायचं म्हटलं, तरी आधी हेच लागतं. महारेराकडं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडं, नोंदलेल्या प्रकल्पाच्या खात्यातून बिल्डरला पैसे काढायचे, तर काम किती झालं याचा दाखला आर्किटेक्ट देतो, त्याच्या सहीनिशी. अशी सही करण्याआधी कुठं कुठं पाहायचं असतं, हे ती त्या फ्लॅटमध्ये शिकेल.

कंपनीला लगेच नकार कळवू नका. आठवडाभराची मुदत मागून घ्या, तोवर सरांकडून नेमणूकपत्र हातात येऊ द्या.