फेलओव्हरनंतर झेडएफएस पूल इम्पोर्ट होत नाहीये, सगळ्या डिस्क मात्र ठणठणीत आहेत, मग करप्ट झाला कसा?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे गैरसमज नको. दोन फाइल सर्व्हर, मधे एक ड्युअल-पोर्ट सॅस जेबॉड (दोन्ही सर्व्हरना केबलने जोडलेली डिस्कची पेटी), त्यावर झेडएफएस फाइलसिस्टिमचा पूल म्हणजे सगळ्या डिस्क मिळून एक साठा, आणि वर पेसमेकर आणि कोरोसिंक, म्हणजे एक सर्व्हर पडला की काम दुसऱ्यावर हलवणारं (फेलओव्हर करणारं) क्लस्टर सॉफ्टवेअर. पहिला सर्व्हर (त्याला अ म्हणू) अडकल्यासारखा झाला, पूल दुसऱ्यावर (ब वर) गेला, एनएफएस (नेटवर्कवरून फाइल देणारी सेवा) चालू झालं, सगळे खूश. तासाभराने स्टेटसमध्ये परमनंट एरर्स, ब रीबूट केला तर पूल इम्पोर्टच होईना, म्हणजे सर्व्हरला तो ताब्यात घेऊन उघडताच येईना, आणि स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) एकाही डिस्कची तक्रार नाही.

बाकीचं नंतर वाचा, आधी अ ची पॉवर काढा. साधा शटडाउन देऊ नका, कारण त्याच्याकडे पूल अजून इम्पोर्टेड असेल तर बंद होता होता तो परत डिस्कवर लिहून जाईल. पॉवर काढली की त्याच्या सॅस केबलसुद्धा काढून ठेवा, कोणीतरी "बघू चालू होतो का" म्हणून बटण दाबतोच. मग ब वर क्लस्टर मेंटेनन्स मोडमध्ये टाका, नाहीतर पेसमेकर दर थोड्या वेळाने पूल इम्पोर्ट करायचा प्रयत्न करत बसेल, तेही जबरदस्तीने. ओसीएफचा जो नेहमीचा झेडएफएस एजंट (पेसमेकरच्या वतीने पूल उचलणारी-सोडणारी स्क्रिप्ट) आहे तो डिफॉल्टलाच फोर्स लावून इम्पोर्ट करतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता कारण. सर्व्हर नुसता मेला म्हणून झेडएफएस करप्ट होत नाही. कॉपी-ऑन-राइट आहे, नवीन डेटा मोकळ्या जागेत लिहिला जातो आणि सगळ्यात शेवटी युबरब्लॉक (पूलची ताजी अवस्था कुठे आहे ते सांगणारी नोंद) बदलतो, त्यामुळे मधेच लाइट गेली तरी आधीची अवस्था जशीच्या तशी असते (डिस्क फ्लशच्या बाबतीत खोटं बोलत नसतील तर). तुमचा अ मेला नव्हता, हीच भानगड आहे. हार्टबीट (सर्व्हर एकमेकांना पाठवतात तो "मी जिवंत आहे" हा संदेश) गेला, नेटवर्क गेलं, किंवा मशीन मिनिटभर गोठलं, पण सॅस केबल शाबूत होती आणि कर्नलला पूल आपलाच वाटत होता. तिकडे ब ने फोर्स लावून तोच पूल उचलला. झेडएफएस काही क्लस्टर फाइलसिस्टिम नाही, दोन होस्ट एकमेकांशी बोलतच नाहीत, म्हणजे एकाच वहीत दोघं जण पाठीला पाठ लावून बसलेत आणि ज्याला जी ओळ रिकामी वाटते तिथे तो लिहितोय. अ च्या मेमरीतल्या स्पेसमॅपनुसार (मोकळ्या जागेच्या नकाशानुसार) जी जागा मोकळी, तिथे ब ने तासाभराचा डेटा लिहून ठेवलाय, आणि अ जागा झाल्यावर त्याच जागेवर लिहितो. मिरर असो नाहीतर रेडझेड-टू, काही उपयोग नाही, कारण चुकीचा ब्लॉक सगळ्या कॉप्यांवर अगदी व्यवस्थित लिहिला जातो. चेकसम (ब्लॉक बरोबर आहे का ते तपासायची खूण) सांगतो की हे ते नव्हे, पण दुरुस्त करायला चांगली कॉपी उरलेलीच नसते. म्हणून डिस्क सगळ्या ऑनलाइन आणि पूल गेलेला, असं विचित्र चित्र दिसतं.

हे माझं अनुमान झालं, तुम्ही खात्री करून घ्या, आणि ती करता येते. झेडपूल हिस्टरी ही कमांड आय आणि एल हे दोन्ही ऑप्शन लावून चालवा, त्यात होस्टनेम येतं आणि अंतर्गत नोंदींपुढे ट्रान्झॅक्शन ग्रुपचा (एकत्र डिस्कवर जाणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्याचा) नंबरही येतो. पूल इम्पोर्ट होत नसेल तर झेडडीबीला (पूल आतून बघायच्या साधनाला) ई आणि एच देऊन तीच हिस्टरी काढता येते, मेटाडेटा वाचण्याइतका बरा असेल तर. ब ने पूल उघडल्याची नोंद दिसते आणि त्याआधी अ ची एक्सपोर्टची (पूल रीतसर सोडल्याची) नोंद नाही, म्हणजे क्लीन हँडओव्हर झाला नाही एवढं नक्की. मग अ चे जुने लॉग त्याची बूट डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघा (अ चालू करू नका म्हटलंय ना): ब ने इम्पोर्ट केलं त्या वेळेनंतरही अ च्या लॉगमध्ये ओळी पडत होत्या का? पडत असतील तर शंका घ्यायला जागा नाही. शिवाय झेडडीबीने एकेका डिस्कचं लेबल आणि युबरब्लॉक बघा. डिस्कवर चार लेबलं असतात, दोन सुरुवातीला, दोन शेवटी, आणि प्रत्येकात युबरब्लॉकची गोल फिरणारी यादी. तिथे ट्रान्झॅक्शन नंबर आणि टाइमस्टॅम्प यांचा क्रम विस्कटलेला दिसला, म्हणजे नंबर मोठा पण वेळ आधीची असं काही, तर दोन हात लिहीत होते. (दोन्ही सर्व्हरची घड्याळं जुळतायत ना ते आधी बघा, नाहीतर उगाच भुताच्या मागे लागाल.)

आता डेटा बाहेर काढणं. यात घाई करणाऱ्यांचंच जास्त नुकसान होतं. शक्य असेल तर डिस्कच्या इमेज काढा, मला माहितीये की एवढी जागा कोणाकडे पडलेली नसते, पण धंद्याचा डेटा असेल तर भाड्याने डिस्क आणा. मग पहिला प्रयत्न फक्त रीड-ओन्ली इम्पोर्टचा, माउंट न करता, वेगळ्या रूटखाली. रीड-ओन्लीत इंटेंट लॉग (सिंक राइट्स आधी टिपून ठेवणारी नोंदवही) रिप्ले होत नाही, त्यामुळे अगदी शेवटचे काही सिंक राइट्स दिसणार नाहीत, चालतंय.

तेही नाही झालं तर रिवाइंड. इथे दोन एफ असतात आणि लोक घोळ घालतात: छोटा एफ म्हणजे "दुसऱ्याचा असला तरी उचल", मोठा एफ म्हणजे "शेवटचे काही ट्रान्झॅक्शन टाकून मागे जा". मोठ्या एफसोबत आधी एन लावा, म्हणजे तो प्रत्यक्ष काही न करता जमेल की नाही एवढंच बघतो. नशीब असेल तर झेडएफएस स्वतःच सांगतं की अमुक वेळेच्या अवस्थेला परत जाता येईल आणि साधारण इतक्या सेकंदांचा डेटा जाईल. त्याच्यापुढचे पर्याय आहेत, मोठा एक्स देऊन आणखी मागे शोधणं किंवा मोठा टी देऊन विशिष्ट ट्रान्झॅक्शनवर जाणं, पण ते फक्त रीड-ओन्ली सोबत आणि शक्यतो इमेजवर. खूप मागे जाता येईल अशी आशा धरू नका. चार केच्या सेक्टरवर एका लेबलात 32 युबरब्लॉक मावतात आणि डिफॉल्टला दर 5 सेकंदांनी नवीन ग्रुप लिहिला जातो, म्हणजे थोडंफारच लिहिणं चालू असलेल्या पूलवरसुद्धा तीनेक मिनिटांपेक्षा कमी इतिहास, लोड असेल तर आणखी कमी. त्यात मोकळे झालेले ब्लॉक झेडएफएस फक्त पुढचे दोन ग्रुप राखून ठेवतं, मग ती जागा वापरायला खुली. तुमचा पूल तर ब वर तासभर चालला, म्हणजे फेलओव्हरच्या आधीची अवस्था रिवाइंडने मिळणार नाही, हे आत्ताच मनाशी धरा. रिवाइंडचा उपयोग एवढाच की पूल उघडावा आणि जे वाचतंय ते वाचवावं.

उघडला की जुने स्नॅपशॉट (त्या त्या वेळी गोठवून ठेवलेल्या अवस्था) आधी बाहेर काढा. रीड-ओन्ली पूलवर नवीन स्नॅपशॉट घेता येत नाही पण असलेले सेंड करता येतात, आणि जुने ब्लॉक दोघांपैकी कोणालाच मोकळे वाटत नव्हते म्हणून त्यांच्यावर कोणी लिहिलेलं नसतं, ते बहुतेक वेळा धड असतात. मधेच खराब ब्लॉक लागून सेंड थांबलं तर आरसिंकने फाइलवार काढा, जी फाइल वाचताना एरर येईल ती यादीत टाका आणि पुढे चला. सगळं निघाल्यावर पूल नष्ट करून नवा बनवा. स्क्रब करून, एरर क्लिअर करून तोच पूल पुढे वापरायचा मोह होईल, तो टाळा. झेडएफएसला एफएससीके (फाइलसिस्टिम दुरुस्त करणारं साधन) नाही, स्क्रब फक्त चेकसम जुळवतं, आणि दोन होस्टनी मिळून बिघडवलेला स्पेसमॅप चेकसमच्या दृष्टीने अगदी बरोबर असू शकतो. तो पूल महिन्याभराने कर्नल पॅनिक देईल तेव्हा बॅकअपपण त्याच वळणावर गेलेला असेल.

आता परत होऊ नये म्हणून. पैजेवर सांगतो, तुमच्या क्लस्टरमध्ये स्टोनिथ (म्हणजेच फेन्सिंग, अडकलेल्या सर्व्हरला जबरदस्तीने बंद पाडणं) फॉल्स केलेलं आहे. इंटरनेटवरच्या अर्ध्या हाऊ-टूमध्ये ती ओळ असते, "टेस्टिंगसाठी बंद करा", आणि ते टेस्टिंग मग वर्षानुवर्षं चालतं. मग होतं काय, की साध्या हँडओव्हरमध्येसुद्धा एखादा क्लायंट नाहीतर सेंड चिकटून बसलेलं असतं, एक्सपोर्ट "पूल बिझी" म्हणत फेल होतो, फेन्सिंग नाही म्हणून क्लस्टर तिथेच अडकतो, आणि रात्री दोनला फोनवर ओरडा खाणारा माणूस ब वर जाऊन हाताने छोटा एफ मारतो. मी त्या माणसाला दोष देत नाही, त्याच्या हातात दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं. फेन्सिंग चालू असेल तर एक्सपोर्ट फेल झाला की पेसमेकर स्वतःच अ ला मारतो आणि मगच ब उचलतो.

फेन्सिंग आयपीएमआयने (सर्व्हरची पॉवर नेटवर्कवरून चालू-बंद करायच्या सोयीने) करत असाल तर ती केबल आणि हार्टबीटची केबल एकाच स्विचवर नको, स्विच गेला की दोन्ही आंधळे. एका मीडियावाल्यांच्या ऑफिसात मी नेमकं हेच पाहिलंय, रॅकमध्ये सगळं दुहेरी, फक्त मॅनेजमेंट स्विच एकच. त्यापेक्षा मला सॅसवर स्कझी-थ्री परसिस्टंट रिझर्वेशन जास्त आवडतं, कारण तिथे डिस्कच जुन्या होस्टला लिहू देत नाही, तो जिवंत आहे की मेलेला हा प्रश्नच उरत नाही. साटा डिस्कवर हे चालत नाही हे लक्षात ठेवा.

आणि नवा पूल बनवला की मल्टीहोस्ट प्रॉपर्टी ऑन करा, लगेच. लिनक्सवरच्या झेडएफएसमध्ये 0.7 पासून, म्हणजे 2017 पासून आहे, डिफॉल्टला बंद असते. ती ऑन असली की पूल ज्याच्याकडे आहे तो साधारण दर सेकंदाला डिस्कवर आपली हालचाल नोंदवत राहतो, आणि दुसरा इम्पोर्ट करायला आला की वीसेक सेकंद थांबून बघतो. हालचाल दिसली तर फोर्स लावला तरी नकार. फेलओव्हर तेवढा उशिरा होतो, होऊ दे. मात्र दोन्ही नोडची होस्टआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) वेगळी हवी. एकाच इमेजवरून दोन्ही सर्व्हर क्लोन केलेत आणि इटीसीमधली होस्टआयडी फाइल तीच राहिली, तर दोघं एकच होस्ट समजले जातात आणि साधा "हा पूल दुसऱ्याचा आहे" हा इशारासुद्धा येत नाही. ही फाइल आधी तपासा, मला तुमच्याकडे तोही संशय आहे. पण मल्टीहोस्ट म्हणजे फेन्सिंग नव्हे, गोठलेलं मशीन मिनिटाने जागं झालं तर त्याच्या रांगेत अडकलेले राइट्स तरीही डिस्कवर पोचू शकतात. दोन्ही लागतं.

कॅशफाइल (बूट होताना कोणते पूल उघडायचे ती यादी) नन ठेवा, नाहीतर बूट होताना सिस्टिमडी क्लस्टरला न विचारता पूल उचलतं. स्लॉग (इंटेंट लॉगसाठीची वेगळी डिस्क) सर्व्हरच्या पोटातल्या एनव्हीएमईवर असेल तर तो जेबॉडमध्ये हलवा, कारण फेलओव्हरला तो मागेच राहतो. एलटूआर्क (वाचण्यासाठीचा कॅश) आत असला तरी चालतो. आणि सॅस कार्ड आयटी मोडमध्ये (डिस्क जशाच्या तशा थेट दाखवणाऱ्या) आहे ना? राइट-बॅक कॅशवालं रेड कार्ड असेल तर अर्धे राइट्स मेलेल्या सर्व्हरच्या कार्डात राहतात, आणि तो परत चालू झाला की कार्ड तो शिळा कॅश इमानदारीत डिस्कवर ओतून मोकळं होतं.

हिस्टरीचा शेवटचा भाग, दोन्हीकडची होस्टआयडी आणि झेडएफएसची व्हर्जन इथे टाका, मग मोठा एफ मारायचा की नाही ते बघू. तोवर एन शिवाय मोठा एफ चालवू नका.