पाण्याच्या टाकीआडचा ध्रुव

प्रश्न : मुलुंडला आमच्या गच्चीवर दुर्बिणीचा नवा इक्वेटोरियल माउंट (अक्ष ध्रुवाकडे रोखला की मोटरने ताऱ्यांमागे फिरणारा स्टँड) लावतोय. उत्तरेला पाण्याची टाकी, त्यामुळे ध्रुव दिसतच नाही. होकायंत्राने उत्तर धरली, तरी गुरू दहा मिनिटांत दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्राबाहेर जातो. शिवाय काउंटरवेट (दुर्बिणीचा तोल सांभाळणारं वजन) ट्रायपॉडच्या पायावर आदळतं. पुढच्या वर्षी नैरोबीला बदली आहे, तिथे हा माउंट चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : टाकी नसती तरी मुंबईत ध्रुव सहजी हाती लागत नाही. आपला अक्षांश 19, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून 19 अंशच वर. हात ताणून वीत पसरा, अंगठा क्षितिजाला टेकवा. करंगळीच्या टोकाशी तो. तेवढ्यात धुरकं, दिवे, इमारती. मला तो धड दिसतो शहराबाहेर वांगणीला गेल्यावरच.

होकायंत्राला बोल लावू नका. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, पण स्लॅबमधल्या सळ्या सुई ओढतात. माझ्या दादरच्या गच्चीत कठड्यापाशची उत्तर आणि मधोमधची उत्तर यांत आठ अंशांचा फरक निघाला! तेव्हापासून होकायंत्र मी ट्रायपॉड मांडण्यापुरतंच वापरते.

पुढचं काम ताऱ्यांकडून करून घ्यायचं. माउंटवरची अक्षांशाची पट्टी 19 वर आणा, मोटर चालू करा, फुलीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग, मधोमध फुली असलेलं) लावा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास मृगातला बाण (ओळीतले तीन तारे) माथ्यापासून जरा दक्षिणेला असतो. त्यातला सगळ्यांत आधी उगवणारा तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) आहे. तो फुलीवर धरून पाच मिनिटं थांबा. पूर्व-पश्चिम सरकला तर सोडून द्या. दक्षिणेला घसरला तर अक्ष पूर्वेकडे गेलाय, किंचित पश्चिमेला वळवा. उत्तरेला गेला तर उलट. मग पूर्वेला वर आलेली मघा ही तारका धरा. ती दक्षिणेला घसरली तर अक्ष उचला, उत्तरेला गेली तर उतरवा. नेत्रिकेत दक्षिण कुठली हे कळेना, तर नळी बोटाने ध्रुवाच्या दिशेला हलकेच ढकला. तारा पळेल ती दक्षिण. पुन्हा बाण, पुन्हा मघा. पहिल्या रात्री तासभर जाईल, जाऊ द्या. उठण्याआधी तिन्ही पायांखाली ऑइलपेंटने खुणा करा, दुसऱ्या रात्री निम्मं काम झालेलं असेल.

अक्ष उचलताना उंचीच्या दोन स्क्रूंपैकी समोरचा आधी सैल करा. दोन्ही एकमेकांवर आवळले की आटे जातात, आणि इतक्या कमी अक्षांशावर त्यांच्यावर भारही जास्त येतो.

काउंटरवेटचं कारणही अक्षांशच. अक्ष इतका आडवा झाला की वजन खाली येताना उत्तरेच्या पायाला भिडतं. एका वजनाऐवजी दोन घ्या आणि दांडीवर वर सरकवून तोल साधा. तरी अडलं तर माउंटखाली उंची वाढवणारा खांब बसवा.

नैरोबी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, जेमतेम सव्वा अंशावर. तिथे ध्रुव क्षितिजाखाली आणि अक्ष जवळजवळ जमिनीला समांतर. बहुतेक माउंटचा स्क्रू तिथवर उतरत नाही. पट्टीवरचा सर्वांत कमी आकडा आजच बघून ठेवा. तो दहा-पंधराच्या पुढे असेल, तर हा माउंट इथेच घरी ठेवा आणि तिकडे वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारा साधा माउंट न्या. गुरू-शनी पाहायला तो पुरतो.