वाचकांचे प्रश्न : अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधताना

प्रश्न : शाळेतल्या शब्दखेळासाठी ए, टी आणि आर ही तिन्ही अक्षरं असलेले शब्द हवे आहेत. एक्सेलमध्ये हजारो शब्दांची यादी आहे. तिन्ही अक्षरांच्या मध्ये तारांकन (*) घालून शोधलं, तर वॉटर, अ‍ॅक्टर मिळतात; पण रॅट, हार्ट गळतात. असं का?

तारांकन म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. पण तारांकनांच्या मधली अक्षरं तुम्ही लिहिलेल्या क्रमानेच शोधली जातात. वॉटरमध्ये आधी ए, मग टी, मग आर येतो, म्हणून तो सापडला. हार्टमध्ये आर टीच्या आधी आहे, म्हणून तो वगळला गेला.

‘ही अक्षरं असलेले शब्द’ या मागणीचे तीन वेगळे अर्थ होतात. अक्षरं सलग हवीत, कुठेही विखुरलेली चालतील, की फक्त तीच हवीत, बाहेरचं एकही नको? हे आधी ठरवलं नाही, तर यादी हमखास चुकते. तुम्हाला दुसरा अर्थ हवा आहे.

शब्द ए स्तंभात असतील तर बी२ मध्ये काउंटइफ्स हा फॉर्म्युला लिहा. त्यात ए२ हा सेल तीनदा द्यायचा आणि दर वेळी त्याच्यापुढे एकच अट : अवतरणचिन्हांत तारांकन, अक्षर, पुन्हा तारांकन. तिन्ही अटी जुळल्या तर उत्तर १, नाही तर ०. फॉर्म्युला खालपर्यंत ओढा आणि १ वर फिल्टर लावा. गूगल शीट्समध्येही हेच चालतं. फिल्टरच्या स्वतःच्या खिडकीत एका स्तंभासाठी दोनच अटी बसतात, म्हणून तिसऱ्या अक्षरासाठी फॉर्म्युलाच बरा.

दोन टी हवे असतील, तर अटीत दोन टी लिहून त्यांच्या आधी, मध्ये आणि नंतर तारांकन द्या. नेमके पाच अक्षरी शब्द हवे असतील, तर पाच प्रश्नचिन्हांची आणखी एक अट जोडा. इथे एक खोडा येतो. शब्दापुढे अदृश्य स्पेस राहिली असेल, तर पाच अक्षरी शब्द सहाचा मोजला जातो आणि गळतो. यादी आधी ट्रिम करून, म्हणजे ट्रिम फॉर्म्युल्याने जादा स्पेस काढून घ्या. ट्रू आणि फॉल्स हे दोन शब्द चिकटवताच एक्सेल त्यांना तार्किक मूल्य समजतं, मग ते तारांकनाच्या अटीत सापडत नाहीत. चिकटवण्याआधी स्तंभाचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा.

प्रश्न : वर्डलमध्ये (पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ; बरोबर जागेवरचं अक्षर हिरवं, शब्दात असलेलं पण जागा चुकलेलं पिवळं, नसलेलं करडं होतं) शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी अशी हिरवी झाली, तरी डाव हरले. काय चुकलं?

एकेक शब्द टाकून पाहिलात, तिथे चुकलं. नेहमीच्या वापरातले आठ शब्द या साच्यात बसतात : एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. प्रयत्न मात्र एकूण सहाच. अशा वेळी हिरवी अक्षरं बाजूला ठेवून ‘फर्न्स’ (एफ-ई-आर-एन-एस) टाका. पाच शब्दांची पहिली अक्षरं एका फटक्यात तपासली जातात. एखादं अक्षर पिवळं किंवा हिरवं झालं, तर उत्तर मिळालंच. सगळी करडी झाली, तर फक्त लाइट, माइट, टाइट उरतात. हार्ड मोडमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण तिथे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात.

आणखी एक. तुमच्या शब्दात दोन ई असतील आणि त्यांतला एकच करडा झाला, तर उत्तरात ई एकच आहे असा त्याचा अर्थ. ई नाहीच, असं समजून पुष्कळ जण बरोबर शब्द सोडून देतात.

प्रश्न : स्क्रॅबलमध्ये (अक्षरांच्या सोंगट्या जोडून पटावर शब्द लावायचा खेळ) ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशा सात सोंगट्या आल्या. पूर्ण शब्द कसा शोधावा?

आधी शेपूट तोडा. एस शेवटी ठेवा. उरलेल्या सहांतून रिटेन आणि रेटिना निघतात, म्हणजे रिटेन्स आणि रेटिनाज मिळाले. मग आय-ई-आर बाजूला काढा. उरतात एन, ए, एस, टी; नॅस्टी डोळ्यांसमोर आला की नॅस्टिअर तयार. सातही सोंगट्या एकाच खेळीत लावल्या की ५० गुण जादा, म्हणून ही सवय मोलाची.

सोंगट्या आल्या त्याच क्रमाने लावून बघत बसू नका, नजर तिथेच अडकते. गोलात मांडा. आपण मराठी माणसं ध्वनीवरून शब्द आठवतो आणि तिथे फसतो : ‘क’चा ध्वनी सी, के, सीके, सीएच किंवा क्यू यांपैकी कशातूनही येऊ शकतो. खेळ स्पेलिंगचा आहे, म्हणून हातात सी आणि एच असतील, तर ‘च’बरोबर ‘क’ही आठवून पाहा, म्हणजे स्कूल, एको, कोरस सुचतील.

प्रश्न : क्यू आहे, पण यू नाही. काय करावं?

क्यू-आय लावा! उच्चार ‘ची’. हा दोन अक्षरी शब्द पाठच करा. त्याखेरीज क्यू-ए-टी (चघळायच्या उत्तेजक पानांची एक वनस्पती), शिवाय फकीर, निकाब, बुरखा यांची क्यूची स्पेलिंगं चालतात. क्यू-आय चिनीतून आला. बाकीच्या अरबी शब्दांतला ‘क़ाफ’ रोमन लिपीत क्यू होतो, म्हणून मागे यू लागत नाही. इराक, कतार ही विशेषनामं मात्र बाद. क्यूचे १० गुण असतात आणि डावाअखेर तो हातात राहिला, तर तेवढेच वजा होतात.