एकाच ठेक्यावर इतकी गाणी कशी?

प्रश्न : शॉन पॉल यांचे 'गेट बिझी' आणि वेन वंडर यांचे 'नो लेटिंग गो' पाठोपाठ ऐकले, तर दोन्हींमागे तोच ठेका आणि त्याच टाळ्या ऐकू येतात. ही चोरी म्हणावी का? आणि या ठेक्याचे नाव 'दिवाली' कसे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चोरी मुळीच नाही. जमैकातील डान्सहॉल या नाचाच्या लोकप्रिय संगीतप्रकारात निर्माता वाद्यांचा साचा, म्हणजे रिदम, स्वतंत्रपणे तयार करतो, त्याला नाव देतो आणि मग निरनिराळ्या कलाकारांना त्याच ध्वनिमुद्रणावर आपापले शब्द गायला बोलावतो. आपल्याकडे एका चालीवर अनेक अभंग म्हटले जातात, त्याची येथे आठवण होईल. पण तिथे चाल सामायिक असते, तर इथे चाल ज्याची त्याची आणि साथ मात्र तीच. ही रीत जुनी आहे : रुपी एडवर्ड्स यांनी १९७४ मध्येच एकाच रिदमवरील गाण्यांचा संपूर्ण अल्बम काढला होता.

'दिवाली' हा स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेन यांचा रिदम. त्यावरील गाण्यांचा संग्रह लंडनच्या ग्रीनस्लीव्हज कंपनीने २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील टाळ्यांचा अडखळता, पुढे ढकलणारा ठेका इतका ठळक आहे की गायकाने त्यावर फारसे काही केले नाही तरी पाय हलतात, आणि म्हणूनच कोणी काय केले हे पाहण्यात खरी गंमत आहे. शॉन पॉल जवळजवळ एकाच स्वरावर शब्द ठोकत जातात. ते गाणे मे २००३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. वेन वंडर यांनी त्याच टाळ्यांवर लांब, मऊ सुरावट पसरून प्रेमगीत केले. न्यूयॉर्कच्या लुमिडी यांचे त्याच वर्षीचे 'नेव्हर लीव्ह यू' तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. त्यांचा किंचित बेसूर, निष्काळजी आवाज अनेकांना खटकतो, मला मात्र तोच त्या गाण्याचा प्राण वाटतो. एलिफंट मॅन यांनीही या रिदमवर गाणे केले. निर्मात्याचे श्रेय यात बुडत नाही. 'गेट बिझी'च्या रचनाकारांत मार्सडेन यांचे नाव आहे.

नावाबद्दल सांगायचे, तर जमैकात १८४५ पासून भारतीय करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, त्यामुळे हा शब्द त्या बेटाला परका नाही. 'दिवाली'नंतर आलेल्या एका गाजलेल्या रिदमचे नाव 'कुली डान्स' होते. 'कुली' हा तिथे भारतीयांना हिणवणारा शब्द असल्याने ते भारतीय वंशाच्या अनेकांना आजही बोचते. तरी या गाण्यांत दिव्यांचे किंवा सणाचे वर्णन शोधू नये. रिदमचे नाव गाण्यांचा विषय ठरवत नाही. बाउंटी किलर यांनी याच नाचऱ्या ठेक्यावर 'सफरर' गायले आहे आणि ते आहे गरिबांच्या हालअपेष्टांविषयी.