'दिवस'चं 'दविस' का होतं?

पत्र: ताई, माझा मुलगा तिसरीत आहे, मराठी शाळेत. धडा घडाघडा म्हणतो पण मधलाच एखादा शब्द बोट ठेवून विचारला की गप्प. घ आणि ध मध्ये अजून गोंधळ. शुद्धलेखनाला 'दिवस'चं 'दविस', 'किरण'चं 'करिण', 'गर्दी'चं 'र्गदी'. गंमत म्हणजे 'पाणी', 'मामी' बरोबर लिहितो. चुकला की मी दहा वेळा लिहून घेते, परवा तर हात उचलला आणि मग रात्रभर मलाच झोप नाही. बाई म्हणतात लक्ष नसतं. सासूबाई म्हणतात याचा बाप पण असाच, पाचवीपर्यंत पेपर वाचता येत नव्हता. इंग्लिश मीडियमला घालू का?
– एक आई, सांगोला

अगं, तुझं पत्र वाचताना मी त्या 'दविस'पाशीच अडकले आणि कागद-पेन घेऊन बसले. तू पण बस. 'दिवस' हळू म्हणून बघ. आधी द् ऐकू येतो आणि मग इ, बरोबर? तुझं लेकरू तसंच लिहितंय, आधी द काढतो, मग वेलांटी, मग व. पण वेलांटी द च्या उजवीकडे पडली की ती पुढच्या व ची होऊन बसते. झालं दविस. म्हणजे ऐकलंय सगळं बरोबर, क्रमही बरोबर, फक्त पहिली वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते आणि लिहिताना अक्षराच्या आधी, हा आपल्या लिपीचा उलटा कारभार त्याला कुणी फोड करून सांगितलेला नाहीये. 'पाणी', 'मामी' का जमतं, तर दुसरी वेलांटी लिहितानाही नंतरच येते. आणि रफार नेमका ह्याच्या उलट, ऐकू आधी येतो आणि जाऊन बसतो पुढच्याच्या डोक्यावर, म्हणून 'र्गदी'. लक्ष नसलेलं पोरगं इतक्या शिस्तीत चुकत नाही गं.

दहा वेळा लिहून घेणं आजपासून बंद. मी पहिली-दुसरीला शिकवायचे तेव्हा सुरुवातीला मीही हेच करायचे, मग एकदा एका मुलीच्या मागे उभी राहून बघितलं तर ती आधी दहा ओळींचे दहा द उभे काढत होती, मग दहा वेलांट्या, मग दहा व. हात दुखला तिचा, शब्द एकदाही लिहिला नाही.

त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिका काप आणि चिठ्ठ्या कर. एका चिठ्ठीवर अख्खं 'दि', एकावर 'व', एकावर 'स'. शब्द म्हणायचा, टाळ्या वाजवायच्या, दि-व-स, तीन टाळ्या तीन चिठ्ठ्या. मग वहीत लिहिताना 'दि' पूर्ण झाल्याशिवाय व ला हात लावायचा नाही. चिठ्ठ्यांची अदलाबदल करून वाचायला दे, दिवा, विमान, किमान, पाठ नसलेले शब्द हवेत म्हणजे आठवणीतून म्हणता येणार नाही. धडा घडाघडा म्हणतो ते त्याचं पाठांतर आहे, वाचन नाही (पाठांतर भारी आहे हां, ते त्याला सांग). रोज पंधरा मिनिटं, बास. कंटाळला की उठायचं.

घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नकोस. आधी घ पक्का, आठवडाभराने ध. ताटलीत रवा पसरून बोटाने काढायला लाव, आणि दाखव की ध च्या डोक्यावरचं छप्पर फाटलंय, शिरोरेघ पूर्ण जात नाही, भ चं पण तसंच, घ आणि म ची सलग आहे. रफार वेलांटी बसल्यावर. ऱ्हस्व-दीर्घ तर आत्ता सोडूनच दे, फूल दीर्घ आणि फुलाला ऱ्हस्व हे मोठ्यांनाही येत नाही, व्हॉट्सॲप उघडून बघ.

आता सासूबाईंचं वाक्य. ते टोमणा म्हणून सोडू नकोस, कारण वाचनाची ही अडचण घराण्यात चालते आणि डॉक्टर हाच प्रश्न आधी विचारतात. आधी डोळे आणि कान तपासून घे. मग दोन-तीन महिने हे करूनही हलत नसेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अडतं त्याची, चाचणी करून घे, वय योग्य आहे, साधारण तिसरीपासूनच ही चाचणी नीट करता येते. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात विचार कुठे होते ते. फक्त एक आग्रह धर, चाचणी मराठीतूनही व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी केलीय, ती मराठीत आहे. इंग्रजी शब्द वाचायला लावून मराठी शाळेतल्या पोराला नापास करण्यात काय अर्थ? निदान झालं तर घाबरायचं नाही, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता आहे, दहावी बोर्डाला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्र लागतं, शिक्का कुणी कपाळावर मारत नाही.

इंग्लिश मीडियम? अजिबात नको. आपल्याकडे क म्हणजे क. तिथे सी कधी क, कधी स, आणि घरी विचारायला कुणी नाही. ज्याला इथली एक वेलांटी नडतेय त्याला तिकडे ढकलू नकोस.

हात उचलल्याबद्दल त्याला सॉरी म्हण, मुलाला म्हटलं तर आईचं काही कमी होत नाही. आणि संध्याकाळच्या चिठ्ठ्यांना नवऱ्याला बसव. 'मला पण पाचवीपर्यंत येत नव्हतं' हे त्याच्या तोंडून ऐकू दे पोराला, आजीच्या नको.

महिन्याने कळव, 'गर्दी' कशी लिहितोय ते मला बघायचंय.