हफ्तखानातले खान कोण?

प्रश्न असा: शाहनामा या फारसी महाकाव्यातला वीर रुस्तुम सात संकटं पार करतो, त्या ‘हफ्तखाना’त सात खानांशी लढाई आहे का? आणि ‘नायकाचा प्रवास’ या साच्यात ती कथा बसते का?

सात खान नाहीत हो! अफजलखान, शाहिस्तेखान यांचा ‘खान’ हा तुर्क-मंगोलांचा किताब. त्याचा इथे काडीचा संबंध नाही, तरी ‘सात खानांचा पाडाव’ कानावर पडतोच. यादी तर बघा: सिंह, तहान, अजगर, चेटकीण, औलाद नावाचा सरदार, अर्झंग नावाचा दीव (म्हणजे राक्षस) आणि पांढरा दीव. (आपला देव तिकडे राक्षस झाला, तो विषय मोठा.) दुसऱ्या क्रमांकावर नुसती तहान आहे, तिला कोणती जहागीर देणार?

‘हफ्त’ म्हणजे सात, आपल्या हप्त्यातला. गंमत पुढच्या पदात आहे. फारसी लिपीत नुसतं ‘खे-अलिफ-नून’ लिहिलं तर घर, सराई, म्हणजे मुक्काम. मध्ये ‘वाव’ हे अक्षर घातलं तर ‘ख्वान’, म्हणजे वाढलेलं ताट, दस्तरख्वानातलं. हा वाव लिहायचा, उच्चारायचा नाही. म्हणून आज इराणी तोंडी दोन्ही ‘खान’च. (किस्साख्वानातला ‘ख्वान’ वाचणारा, तो तिसराच.)

मग सात मुक्काम की सात ताटं? मुक्कामवाले विद्वान ताटवाल्यांना हसतात. ताट कुठे आहे म्हणे! चौथा, चेटकिणीचा खान उघडा की. झऱ्याकाठी भाजलेलं रानमेंढरू, त्यावर रोटी, भोवती मीठदाणी नि मुरंबा, सोन्याचा मद्याचा प्याला, वर तंबूर. रुस्तुम ईश्वराचं नाव घेतो आणि यजमानीणबाईंचं तोंड काळं पडतं. शाहनाम्यातला दुसरा वीर अस्फंदियार, त्याच्या सात टप्प्यांतही लढाई आटोपली की बैठक जमते. माझं मत ताटाला.

त्याच ताटाचं पिल्लू आपल्या रस्त्यावर आहे. ख्वान अधिक लहानपणाचा ‘चा’ (बागेचा बगीचा होतो तोच) म्हणजे ख्वानचा, त्याचा खोंचा, त्याचा खोमचा! चणे-फुटाणे विकणाऱ्याच्या डोक्यावरचा खोमचा म्हणजे रुस्तुमच्या खानाचं धाकटं भावंड.

हां, साचा. ‘नायकाचा प्रवास’ म्हणजे जगभरच्या वीरकथांचा एकच साचा, तो मांडणारा अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल. त्याने १९४९ साली मांडलेल्या निर्गमन, दीक्षा, परतणं या तीन टप्प्यांतलं निर्गमन जमतं: इराणचा राजा कैकाऊस दीवांच्या मुलखात, माझंदरानमध्ये कैदेत, म्हणून रुस्तुमचा बाप, ‘झाल’ त्याचं नाव, त्याला तिकडे धाडतो, लांबची वाट सोडून ‘दोन साता’ची, चौदा दिवसांची, धोक्याची वाट. साच्यात नायकाला शेवटी मिळणारं अमृतही सापडतं: दीवाच्या रक्ताचे तीन थेंब पडताच आंधळा कैकाऊस पाहू लागतो. पण पहिल्याच खानात नायक घोरतोय आणि सिंहाला मारतो रख्श, म्हणजे घोडा. जागा झाल्यावर शाबासकी राहिली बाजूला, रुस्तुम त्यालाच झापतो: तू मेला असतास तर माझी गदा-धनुष्य माझंदरानपर्यंत वाहिली कुणी असती? आणि या दीक्षेतून तो शहाणा झाला म्हणाल, तर हाच रुस्तुम पुढे पोटच्या सोहराबला न ओळखता मारतो.